रॉजर वॉटर्स : भिंतीच्या अलीकडे, भिंतीच्या पलीकडे

नाशिकच्या अशोक स्तंभापासून निघून गंगापूर धरणाच्या दिशेने जाणाऱ्या गंगापूर रोडला संगीताचे वावडे कधीच नव्हते. शंकराचार्य न्यासाच्या कुर्तकोटी सभागृहात शास्त्रीय गायनाची बैठक ऐकावी आणि त्याच रस्त्याने पुढे शहराबाहेर गेल्यावर द्राक्षमळ्यांमधील खुल्या रंगमंचावर गिटारींचा गदारोळ ऐकावा, अशी सोय या रस्त्याने करून दिली आहे. सुला विनयार्ड्सच्या आवारात २००८ साली सुलाफेस्ट सुरू झाला आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद नाशिककरांच्या दारात आले. पण या परिसरातील जुन्या रॉकप्रेमींच्या गप्पा ऐकल्या, तर त्यांचा मोहरा अजूनही एका वेगळ्याच माणसाकडे वळतो. तो माणूस नाशिकला कधी आला नाही. भारतात त्याने दोनच कार्यक्रम केले, २००२ साली बंगळूरला आणि २००७ साली मुंबईला. त्याचे नाव रॉजर वॉटर्स.

‘पिंक फ्लॉइड’ या ब्रिटिश वाद्यवृंदाचा तो बेसवादक, गायक आणि प्रमुख गीतकार. त्याचा विषय निघाला की श्रोत्यांत दोन तट पडतात. एका तटाच्या मते फ्लॉइड म्हणजे वॉटर्सचे शब्द आणि त्याच्या कल्पना, बाकीचे सारे साथीदार. दुसऱ्या तटाच्या मते डेव्हिड गिल्मोरची गिटार आणि रिचर्ड राइटचे कीबोर्ड काढून घेतले, तर उरते ते एका रागावलेल्या माणसाचे भाषण. हा वाद जगभर चालतो आणि त्याचा निकाल आजवर लागलेला नाही. तो समजून घ्यायचा, तर वॉटर्सची कारकीर्द आणि विशेषतः त्याचे रंगमंचीय प्रयोग पाहणे आवश्यक ठरते.

जॉर्ज रॉजर वॉटर्सचा जन्म ६ सप्टेंबर १९४३ रोजी इंग्लंडमधील सरे परगण्यातील ग्रेट बुकम या गावी झाला. त्याचे वडील एरिक फ्लेचर वॉटर्स हे शिक्षक. प्रथम त्यांनी धार्मिक श्रद्धेमुळे शस्त्र हाती घेण्यास नकार दिला होता. पुढे ते साम्यवादी पक्षात गेले, फॅसिझमविरुद्ध लढणे हे कर्तव्य आहे असे त्यांना वाटू लागले आणि ते रॉयल फ्युझिलियर्स पलटणीत सेकंड लेफ्टनंट म्हणून दाखल झाले. इटलीतील अँझिओच्या किनाऱ्यावर दोस्त सैन्य २२ जानेवारी १९४४ रोजी उतरले. त्या आघाडीवर १८ फेब्रुवारी १९४४ रोजी एरिक वॉटर्स मारले गेले. मुलगा तेव्हा पाच महिन्यांचा होता. देह सापडला नाही. नाव कॅसिनो येथील स्मारकावर कोरले गेले.

इटलीची ती मोहीम महाराष्ट्राला परकी नाही. त्याच वर्षी भारतीय सैन्याच्या चौथ्या, आठव्या आणि दहाव्या डिव्हिजन्स इटलीत लढत होत्या. आजच्या रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे हे मराठा लाइट इन्फंट्रीचे जवान १० जुलै १९४४ रोजी तिबेर नदीच्या खोऱ्यात शत्रूच्या मशीनगनवर एकट्याने चालून गेले आणि धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पुढल्या वर्षी नगर जिल्ह्याचे नामदेव जाधव यांनी सेनिओ नदीकाठी केलेल्या पराक्रमाबद्दल त्यांनाही हाच सन्मान लाभला. कॅसिनोच्या युद्धदफनभूमीत भारतीय सैनिकांच्याही समाध्या आहेत. ज्या शहराच्या कुशीत देवळालीची छावणी आहे, त्या नाशिकच्या श्रोत्याला अँझिओवरची गाणी निव्वळ परदेशी वाटत नाहीत, याचे कारण इथे कुठेतरी असावे.

वडिलांच्या मृत्यूनंतर आई मेरी मुलांना घेऊन केंब्रिजला आली. तीही शिक्षिका. तिथल्या शाळेत रॉजरपेक्षा धाकटा एक मुलगा होता, सिड बॅरेट. रॉजर पुढे वास्तुशास्त्र शिकायला लंडनच्या रीजंट स्ट्रीट पॉलिटेक्निकमध्ये गेला. तेथे त्याला ड्रमवादक निक मेसन आणि रिचर्ड राइट भेटले. बॅरेट येऊन मिळाला तेव्हा त्याने पिंक अँडरसन आणि फ्लॉइड कौन्सिल या दोन अमेरिकी ब्लूज गायकांच्या नावांतून ‘पिंक फ्लॉइड’ हे नाव घडवले. १९६७ साली पहिला अल्बम आला आणि त्यावर छाप होती बॅरेटचीच. परंतु अमली पदार्थ आणि ढासळते मानसिक स्वास्थ्य यांमुळे हा प्रतिभावान तरुण काही महिन्यांतच रंगमंचावर उभा राहण्यास असमर्थ ठरू लागला. गिल्मोरला पाचवा सदस्य म्हणून घेण्यात आले आणि १९६८ च्या एप्रिलमध्ये बॅरेट बाहेर पडल्याचे जाहीर झाले.

वास्तुशास्त्राचे शिक्षण अर्धवट राहिले, पण वाया गेले नाही. वॉटर्सच्या पुढच्या साऱ्या कामावर आराखडा आखणाऱ्या माणसाची मुद्रा दिसते. गाणी सुटी न ठेवता एका कल्पनेच्या इमारतीत बसवणे, हा त्याचा स्वभाव. मार्च १९७३ मध्ये आलेला ‘द डार्क साइड ऑफ द मून’ हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण होय. वेळ, पैसा, प्रवास, मृत्यू, वेड अशा माणसाला पोखरणाऱ्या गोष्टींवर सुमारे ४३ मिनिटांची ही सलग रचना असून त्यातील सर्व गीते वॉटर्सची आहेत. संगीत मात्र चौघांचे, आणि इथेच दुसरा तट बोट ठेवतो. अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत हा अल्बम १९७३ ते १९८८ या काळात एकूण ७४१ आठवडे राहिला.

या अल्बमची घडण प्रथम रंगमंचावर झाली, हे अनेकांना ठाऊक नसते. ध्वनिमुद्रिका बाजारात येण्याच्या तब्बल वर्षभर आधी, १९७२ च्या जानेवारीपासून, ही रचना श्रोत्यांसमोर सादर केली जात होती. प्रयोगागणिक तिच्यात फेरफार झाले. आपल्याकडे नाटक गावोगाव फिरवून मग मुंबईत आणावे तसाच हा प्रकार. ध्वनिमुद्रणाच्या वेळी वॉटर्सने कागदाच्या पत्त्यांवर प्रश्न लिहिले आणि ॲबी रोड स्टुडिओत भेटेल त्याला ते विचारले. शेवटचा हिंसक प्रसंग कधी घडला, मृत्यूची भीती वाटते का, असे ते प्रश्न. स्टुडिओच्या दारवानाची उत्तरे अल्बममध्ये कायमची जाऊन बसली. क्लेअर टॉरी या गायिकेला शब्दांवाचून केलेल्या आलापीबद्दल ३० पौंड मिळाले होते; रचनेतील तिच्या वाट्याचा प्रश्न २००४ साली न्यायालयात गेला आणि पुढच्या वर्षी तडजोड झाली.

‘मनी’ या गाण्याचा फेरा सात मात्रांचा आहे. नाण्यांचा आणि रोकड यंत्राचा आवाज कापून चिकटवलेल्या फितीवर तो ऐकू येतो. रूपकाची सवय असलेल्या मराठी कानाला हे गाणे प्रथम ऐकताना जे ओळखीचे वाटते, ते या सातमुळे. वजन मात्र रूपकाचे नाही. सॅक्सोफोनचा तुकडाही सातातच वाजतो आणि गिल्मोरची गिटार आली की ठेका चारात शिरतो. बैठकीत लय बदलल्यावर श्रोते सावरून बसतात, नेमका तोच क्षण इथे येतो.

१९७५ च्या ‘विश यू वर हिअर’मागे हरवलेल्या बॅरेटची आठवण आहे. ध्वनिमुद्रण चालू असतानाच एक लठ्ठ, डोके आणि भुवया भादरलेला माणूस स्टुडिओत येऊन बसला आणि तो बॅरेट आहे हे जुन्या मित्रांना काही वेळ ओळखताही आले नाही. ही हकिकत चाहत्यांनी इतक्या वेळा सांगितली आहे की ती दंतकथा वाटावी. पण ती खरी आहे. १९७७ चा ‘ॲनिमल्स’ ऑर्वेलच्या प्राणिकथेवर बेतलेला. त्याच्या मुखपृष्ठासाठी लंडनच्या बॅटरसी वीजकेंद्रावर टांगलेले हवेचे अजस्र डुक्कर ३ डिसेंबर १९७६ रोजी दोर तोडून उडाले आणि विमानांच्या मार्गात जाऊन पोहोचले. हे डुक्कर पुढे वॉटर्सच्या प्रत्येक दौऱ्याचे मानचिन्ह बनले.

त्याच १९७७ च्या दौऱ्यात एक ओशाळवाणा प्रसंग घडला. ६ जुलै रोजी माँट्रियलच्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये पुढे रेटून येणाऱ्या एका चाहत्यावर वॉटर्स चक्क थुंकला. हजारो लोकांच्या गोंगाटात आपण गातो ते कोणीच ऐकत नाही, या संतापातून हे झाले. नंतर स्वतःच्याच वागण्याने तो हादरला. कलावंत आणि श्रोता यांच्यात एक भिंत उभी राहिली आहे, तर ती खरोखरच रंगमंचावर बांधून दाखवावी, ही कल्पना त्यातून निघाली. ३० नोव्हेंबर १९७९ रोजी ‘द वॉल’ हा जोड-अल्बम प्रसिद्ध झाला. पिंक नावाच्या रॉकगायकाची ही कथा. वडील युद्धात गेलेले, आई अतिजपणारी, शाळेतील मास्तर मारकुटे, आणि प्रत्येक जखमेगणिक भिंतीत एक वीट.

१९८० आणि १९८१ मध्ये या अल्बमचे प्रयोग झाले ते केवळ चार ठिकाणी : लॉस एंजलिस, न्यूयॉर्कजवळील युनियनडेल, लंडन आणि जर्मनीतील डॉर्टमुंड. एकूण प्रयोग ३१. गाणी चालू असताना कामगार पुठ्ठ्याच्या विटा रचत जात आणि मध्यंतरापर्यंत सुमारे ४० फूट उंचीची भिंत वादकांना पूर्णपणे झाकून टाकी. उत्तरार्धात प्रेक्षक भिंतीसमोर आणि वादक तिच्यामागे. व्यंगचित्रकार जेरल्ड स्कार्फ याची चित्रे भिंतीवर हलत असत. ‘कम्फर्टेबली नम’मध्ये गिल्मोर भिंतीच्या माथ्यावर उभा राहून गिटार वाजवी, आणि अखेरीस भिंत कोसळे. इतका खर्चिक खेळ की त्यात तोटाच झाला. यातील विनोद असा, की राइटला वॉटर्सने तोवर सदस्यत्वावरून काढून टाकले होते आणि तो पगारी वादक म्हणून वाजवत होता. त्यामुळे चौघांत पैसे मिळाले ते एकट्या त्यालाच.

मराठी प्रेक्षकाला हा सगळा मामला समजायला अवघड जात नाही. संगीत नाटकाची परंपरा असलेल्या समाजात पद आणि पडदा यांचे नाते नव्याने सांगावे लागत नाही. प्रश्न येतो तो ‘वन्स मोअर’चा. वॉटर्सच्या प्रयोगात गाणे चित्रफितीशी, दिव्यांशी, स्फोटांशी सेकंदासेकंदाने बांधलेले असते. त्यात गायकाला रंगली म्हणून एखादी जागा लांबवता येत नाही. गिल्मोरपक्षीयांचा मुख्य आक्षेप हाच. मैफल म्हणजे अनपेक्षिताची वाट पाहणे, आणि इथे अनपेक्षित असे काहीच नाही, असे त्यांचे म्हणणे. काही स्वर आधीच मुद्रित केलेले असतात आणि वॉटर्स नुसते ओठ हलवतो, अशी कुरबूर जगभरच्या चाहत्यांत ऐकू येते. शिवाय तो बेसवर काही असामान्य नाही. फ्लॉइडच्या काही गाण्यांत तर बेसही गिल्मोरनेच वाजवलेला आहे. या आक्षेपांत तथ्य आहे. पण नाटककाराला तू बैठक का मारत नाहीस असे विचारण्यात अर्थ नाही. वॉटर्सचा प्रयोग हे रंगनाट्य आहे आणि त्या कसोटीवर तो फार वरचा ठरतो.

१९८३ चा ‘द फायनल कट’ वडिलांच्या स्मृतीला अर्पण केलेला होता आणि तो जवळजवळ वॉटर्सचा एकट्याचाच अल्बम होता. १९८५ च्या डिसेंबरमध्ये तो वाद्यवृंदातून बाहेर पडला. आपल्याविना पिंक फ्लॉइड उरणारच नाही अशी त्याची समजूत होती. गिल्मोर आणि मेसन यांनी नाव सोडले नाही. प्रकरण न्यायालयात गेले. १९८७ च्या डिसेंबरात गिल्मोरच्या तरंगत्या घरावरील स्टुडिओत समझोता झाला. नाव त्या दोघांकडे, तर ‘द वॉल’च्या संकल्पनेचे हक्क वॉटर्सकडे.

नंतरची काही वर्षे त्याच्यासाठी कठीण गेली. पूर्वीचे साथीदार फ्लॉइडच्या नावावर मैदाने भरवत होते आणि गाणी लिहिणारा माणूस लहान सभागृहांत अर्ध्या खुर्च्यांसमोर गात होता. अपवाद एकच, पण केवढा. बर्लिनची खरी भिंत पडल्यानंतर २१ जुलै १९९० रोजी पॉट्सडॅमर प्लाट्झच्या मोकळ्या पट्ट्यात त्याने ‘द वॉल’चा प्रयोग केला, तेव्हा दोन लाखांहून अधिक लोक जमले होते. १९९२ च्या ‘अम्यूज्ड टू डेथ’मध्ये टीव्हीवर युद्ध पाहणाऱ्या समाजाचे चित्र आहे, जेफ बेकची गिटार त्यात ऐकावी. त्याच्या एकट्याच्या अल्बमांत हाच श्रेष्ठ होय. बाकीच्यांबद्दल न बोललेले बरे.

१९९९ मध्ये तो पुन्हा दौऱ्यावर निघाला आणि हा दौरा २००२ साली बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर पोहोचला. त्यानंतर २ जुलै २००५ रोजी लंडनच्या हाइड पार्कमध्ये ‘लाइव्ह ८’च्या व्यासपीठावर चौघेजण २४ वर्षांनी एकत्र उभे राहिले. ते शेवटचेच ठरले. बॅरेट २००६ च्या जुलैत गेला, राइट २००८ च्या सप्टेंबरात.

या पार्श्वभूमीवर मुंबईचा कार्यक्रम आला. तोपर्यंत महानगराला ब्रिटिश रॉकची सवय झाली होती. ‘द पोलीस’ने १९८० सालीच रंगभवनात हजेरी लावली होती. ७ एप्रिल २००३ रोजी ब्रेबॉर्न स्टेडियमवर रोलिंग स्टोन्स येऊन गेले. २००५ च्या मार्चमध्ये मार्क नॉफ्लर वांद्रे-कुर्ला संकुलातील एमएमआरडीए मैदानावर वाजवून गेला. त्याच मैदानावर १८ फेब्रुवारी २००७ रोजी वॉटर्सचा ‘डार्क साइड ऑफ द मून लाइव्ह’ हा प्रयोग झाला. शांघाय, हाँगकाँग, मुंबई, दुबई असा त्या दौऱ्याचा मार्ग होता.

तो रविवार होता. नाशिकहून पंचवटी एक्स्प्रेसने सकाळी मुंबई गाठता येते. पण परतीची पंचवटी सायंकाळी सव्वासहाच्या सुमारास सुटते, म्हणजे मैदानावर दिवे लागण्याच्या वेळेला. त्यामुळे मैफलीचा नाद असलेल्या नाशिककराला रात्रीच्या गाडीने किंवा कसारा घाटातून मोटारीने परतण्यावाचून गत्यंतर नसते. त्या वेळी एक गोष्ट अनुकूल होती. दुसऱ्या दिवशी, सोमवार १९ फेब्रुवारी, शिवजयंतीची सार्वजनिक सुट्टी होती. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांमुळे मुंबईतले खुल्या मैदानावरचे कार्यक्रम रात्री दहापर्यंत आटोपावे लागतात, हीदेखील लांबून येणाऱ्यांसाठी एका अर्थी सोयच.

त्या दौऱ्याचा साचा ठरलेला होता. पूर्वार्धात फ्लॉइडच्या जुन्या रचना आणि वॉटर्सची स्वतःची युद्धविरोधी गाणी. उत्तरार्धात ‘डार्क साइड’ अथपासून इतिपर्यंत. शेवटी ‘द वॉल’मधील काही भाग. मैदानाच्या चारही अंगांना ध्वनिक्षेपक असत, त्यामुळे घड्याळांचे टोल आणि पावलांचा आवाज श्रोत्यांच्या पाठीमागूनही येई. फ्लॉइडने ही चौफेर ध्वनीची पद्धत १९६७ पासून वापरली होती. गिल्मोरच्या जागा डेव्ह किल्मिन्स्टर या गिटारवादकाने भरल्या. स्नोई व्हाइट हा जुना साथीदार दुसऱ्या बाजूला होता. ड्रमवर ग्रॅहम ब्रॉड. गिल्मोरचे स्वर दुसऱ्याच्या गळ्यातून ऐकणे काहींना खटकले, आणि तो खटका अजून निघतो.

चर्चेत क्वचितच येणारी बाब तारखेची आहे. १८ फेब्रुवारी हा एरिक वॉटर्स यांचा मृत्युदिन. मुंबईच्या त्या रात्री अँझिओच्या घटनेला बरोबर ६३ वर्षे झाली होती, आणि दौऱ्याच्या क्रमातच ‘द फायनल कट’मधील वडिलांच्या नावाचे गाणे आणि मुलांना युद्धावरून घरी आणा असे सांगणारे ‘द वॉल’मधील गाणे होते. दौऱ्याच्या तारखा कलावंताच्या भावनेपेक्षा विमाने आणि मैदाने यांच्या उपलब्धतेवर ठरतात. तेव्हा हा योगायोगच मानला पाहिजे. सात वर्षांनी, १८ फेब्रुवारी २०१४ रोजी, इटलीतील अप्रिलिया येथे वडिलांच्या स्मारकाचे अनावरण झाले तेव्हा तो तेथे हजर होता.

२०१० ते २०१३ या काळात ‘द वॉल’ पुन्हा रंगमंचावर आला. २१९ प्रयोग, सुमारे ४१ लाख प्रेक्षक. हा दौरा भारतात आला नाही, ही रुखरुख इथल्या चाहत्यांना कायम आहे. या वेळी प्रयोगाचा गाभाच बदलला. तरुणपणी भिंत होती ती एका गायकाच्या मनातली. साठी ओलांडलेल्या वॉटर्सने तिला राष्ट्रांमधली भिंत केले. युद्धात, संघर्षात गमावलेल्या आप्तांची छायाचित्रे पाठवा, असे आवाहन त्याने लोकांना केले आणि ती छायाचित्रे विटांवर उमटू लागली. पहिले छायाचित्र एरिक वॉटर्स यांचे असे. त्यानंतर इतरांचे, वेगवेगळ्या देशांचे, वेगवेगळ्या गणवेशांतले, काही गणवेशावाचूनचे. १२ मे २०११ रोजी लंडनच्या प्रयोगात भिंतीच्या माथ्यावर अचानक गिल्मोर उभा राहिला. दोन्ही तटांना एकाच वेळी रडू आले असेल, तर ते त्या रात्री.

याच टप्प्यावर चाहत्यांची चर्चा संगीताकडून राजकारणाकडे वळते आणि आवाज चढतो. पॅलेस्टिनींच्या बाजूने इस्रायलवर सांस्कृतिक बहिष्कार टाकावा, असा प्रचार वॉटर्स दीर्घकाळ करीत आला आहे. २०२२-२३ च्या ‘धिस इज नॉट अ ड्रिल’ या दौऱ्यात, ज्यांना आपले राजकारण रुचत नाही त्यांनी खुशाल बारमध्ये जाऊन बसावे, अशा अर्थाची सूचना प्रयोगाच्या प्रारंभीच होत असे. फ्रँकफर्टमध्ये कार्यक्रम रद्द करण्याचा प्रयत्न झाला, तो न्यायालयाने हाणून पाडला. मे २०२३ मध्ये बर्लिनला त्याने नाझीसदृश काळा झगा घातला म्हणून जर्मन पोलिसांनी चौकशी सुरू केली. हा वेष पिंक हुकूमशहा बनतो त्या प्रसंगाचा आहे, तो १९८० पासून प्रयोगात आहे आणि फॅसिझमची खिल्लीच उडवतो, असे त्याचे उत्तर. त्याच वर्षी फेब्रुवारीत रशियाच्या निमंत्रणावरून तो संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे बोलला. युक्रेनवरील आक्रमणाचा त्याने निषेध केला, पण ते अकारण नव्हते असेही सांगितले. गिल्मोरची पत्नी पॉली सॅमसन हिने त्याच्यावर यहुदीद्वेषाचा जाहीर आरोप केला आणि गिल्मोरने तिला दुजोरा दिला. वॉटर्सने आरोप फेटाळला. समेटाची उरलीसुरली आशा तेथे संपली.

भारतालाही या वादाचा चटका बसला. फेब्रुवारी २०२० मध्ये लंडनमध्ये ज्युलियन असांज याच्या समर्थनार्थ झालेल्या सभेत वॉटर्सने आमिर अझीझ या तरुण भारतीय कवीची नागरिकत्व कायद्याच्या आंदोलनातील कविता इंग्रजीत वाचून दाखवली. इथल्या काही चाहत्यांना त्यात आपला वॉटर्स सापडला. काहींनी, परदेशी गायकाने आमच्या घरात नाक खुपसू नये, म्हणून त्याचे अल्बम ऐकणे सोडले. ‘द वॉल’ वीस वर्षे ऐकून झाल्यावर त्याच्या कर्त्याने सत्तेविरुद्ध बोलू नये अशी अपेक्षा ठेवणे जरा विनोदीच. मात्र त्याचे प्रत्येक राजकीय मत त्याच्या गाण्यांइतकेच विचारांती बनलेले आहे, असे मानण्याचेही कारण नाही. युक्रेनबाबतची त्याची मते ज्यांना पटत नाहीत, त्यांत त्याच्या युद्धविरोधी गाण्यांवर वाढलेले अनेकजण आहेत, आणि त्यांचे दुःख खरे आहे.

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये, वयाच्या ८० व्या वर्षी, त्याने ‘डार्क साइड ऑफ द मून’ नव्याने मुद्रित करून प्रसिद्ध केला. गिटारचे लांब तुकडे काढून टाकले, गाण्यांच्या मध्ये म्हाताऱ्या, खरखरीत आवाजातले निवेदन घातले. तिशीच्या आतील माणसाने मृत्यूविषयी लिहिलेले शब्द ऐंशीच्या माणसाने पुन्हा उच्चारणे, यात एक विलक्षण गंभीरपणा आहे. पण राइटचे कीबोर्ड आणि टॉरीची आलापी यांची उणीव भरून निघत नाही. हा अल्बम एकदा लक्षपूर्वक ऐकावा आणि नंतर मूळ ध्वनिमुद्रिका लावावी.

‘धिस इज नॉट अ ड्रिल’चा २५ मे २०२३ रोजीचा प्रागमधील प्रयोग चित्रित झाला असून तो २०२५ मध्ये चित्रपटगृहांत आणि पुढे डिस्कवर आला. ज्यांची २००७ सालची मुंबई हुकली, त्यांच्यासाठी हा जवळचा मार्ग. प्रयोगाचा आरंभ ‘कम्फर्टेबली नम’ने होतो. अंधारलेली उद्ध्वस्त शहरे पडद्यावर सरकत राहतात, गाणे नेहमीपेक्षा संथ आणि खालच्या पट्टीत चालते, आणि ज्या गिटारसाठी लोक चार दशकांहून अधिक काळ हे गाणे ऐकत आले, ती गिटार येतच नाही. तिच्या जागी एका स्त्रीचा आवाज येतो. वॉटर्सपक्षीय याला धाडस म्हणतात. गिल्मोरपक्षीय याला सूड म्हणतात.